झोपलेल्या संकुलाचं मीटर वाचा

गृहसंकुल पर्यावरणपूरक करायचं ठरलं की पहिल्या बैठकीत दोनच विषय निघतात: गच्चीवर सौर पॅनेल आणि सांडपाण्याचा पुनर्वापर. दोन्ही चांगले. दोन्ही डोळ्यांना दिसतात, पाहुण्यांना दाखवता येतात. मी इमारतींच्या पाइप, पंप आणि गरम पाण्याच्या यंत्रणेचं काम करते, त्यामुळे अशा बैठकांना मला बोलावणं येतं, आणि माझा प्रश्न ठरलेला असतो: रात्री तीन वाजता, सगळे गाढ झोपलेले असताना, तुमच्या मुख्य मीटरमधून पाणी किती जातं आणि वीज किती जाते? महिन्याचा आकडा कुणीतरी बिल काढून सांगतं. रात्रीचा मात्र कुणालाच ठाऊक नसतो.

पुढचं सगळं त्या आकड्यावर ठरतं. रात्री तीनला कुणी अंघोळ करत नाही, कपडे धूत नाही, लिफ्ट जवळपास उभीच असते. त्या वेळी जे वाहतं ते बहुतेक वायाच जातं, आणि रात्रीच नाही, चोवीस तास जातं. दिवसा ते बाकीच्या वापरात लपून राहतं, इतकंच. ते न थांबवता पुढच्या खरेदीला लागलं, की गळतीसकट पाण्याची गरज मोजली जाते, त्या मापाचा शुद्धीकरण प्रकल्प बसतो, तो चालवायला तेवढी वीज लागते आणि त्या विजेसाठी तेवढी पॅनेल लागतात. एका गळक्या टाकीपायी तीन यंत्रणा मोठ्या होतात.

म्हणून माझा क्रम असा: आधी गळती, मग दाब आणि नळ, मग गरम पाणी, मग पंप. पाऊस आणि पुनर्वापर त्यानंतर. सौर वीज शेवटी.

दोन आकडे हाताशी ठेवा

पाणी आणि वीज यांची बिलं वेगळी येतात म्हणून लोक त्यांचा विचारही वेगवेगळा करतात. खरं तर घरातलं पाणी म्हणजे निम्मी वीजच आहे. ते वर चढवावं लागतं आणि त्यातलं काही तापवावं लागतं. या दोन कामांची किंमत मात्र सारखी नाही, आणि इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो.

एक हजार लिटर पाणी ४० मीटर उंच चढवायला शास्त्राप्रमाणे सुमारे ०.११ युनिट लागतं. प्रत्यक्षात पंप, मोटर आणि पाइपातलं घर्षण धरून ०.२५ ते ०.३ युनिट धरा. (युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास.) आता तापवण्याचं बघा. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला १.१६ वॉट-तास लागतात. म्हणजे १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापवायला साडेतीन युनिट. तेच १०० लिटर बारा-तेरा मजले वर न्यायला एका युनिटचा चाळिसावा भागही पुरतो. चढवण्याच्या मानाने तापवणं शंभरपटीहून महाग आहे.

गच्चीवरच्या पंपाचा आवाज येतो, म्हणून सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे. स्नानघरातला हीटर गप्प असतो.

रात्रीची पाण्याची चाचणी

पाण्याचं मीटर नसेल तर पहिला खर्च त्यावर करा, आणि एकावर भागवू नका. जमिनीखालच्या टाकीत पाणी येतं तिथे एक, प्रत्येक इमारतीच्या वरच्या टाकीतून खाली उतरणाऱ्या मुख्य पाइपावर एक, बागेच्या लाइनवर एक. सगळं पाणी एकाच आकड्यात दिसलं, तर गळती आहे एवढं कळतं, कुठे आहे ते कळत नाही.

चाचणी रात्री दोन ते चार या वेळात घ्या. आधी बागेचं आणि कारंज्याचं टायमर बंद. वरच्या टाकीत पाणी भरणारा पंप बंद. बरोबर दोनला प्रत्येक मीटरचा आकडा लिहा, लाल काट्याच्या किंवा शेवटच्या छोट्या चक्रांच्या आकड्यांसकट. चारला पुन्हा लिहा. टाकीच्या पाइपावर मीटर नसेल तर टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीची खूण करा आणि दोन तासांत ती किती उतरली ते मोजा. टाकीची लांबी गुणिले रुंदी गुणिले उतरलेली पातळी, सगळं मीटरमध्ये. उत्तर घनमीटरमध्ये येतं, त्याला हजाराने गुणलं की लिटर. टाकीत अंधारात एकट्याने वाकू नका. दोघं जा आणि पट्टी वरूनच सोडा.

समजा शंभर घरं आहेत, तीनशे माणसं, आणि दोन तासांत १,५०० लिटर पाणी गेलं. प्रत्येक घरात एकदा फ्लश झाला असं सढळ हाताने धरलं तरी सहा लिटरप्रमाणे ६०० लिटर होतात. उरले ९०० लिटर, म्हणजे तासाला ४५०, दिवसाला १०,८००. माणशी ३६ लिटर रोज, कुणाच्याही अंगाला न लागता. फ्लश आणि शॉवर बदलून एवढी बचत व्हायला प्रत्येक घराची मनधरणी करावी लागते. इथे ती एका रात्रीच्या शोधात सापडते.

मग ते जातं कुठे? टपटपणारा नळ सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो, पण तो या गोष्टीतला खरा चोर नाही. सेकंदाला एक थेंब धरा. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो, म्हणजे दिवसाला चार-सव्वाचार लिटर. वॉशर बदला, विषय संपला. खरा चोर फ्लशच्या टाकीत असतो. तळाचं रबर जुनं झालं की कडेने पाण्याची पातळ चादर भांड्याच्या मागच्या भिंतीवरून सतत सरकत राहते. आवाज नाही, थेंब नाही. मिनिटाला एका कपाहूनही कमी, समजा २०० मिलिलिटर, एवढंच पाणी सरकलं तरी दिवसाला २८८ लिटर होतात.

हे पकडायची रीत सोपी आहे. फ्लशच्या टाकीचं झाकण काढा, त्यात गडद रंगाचं थोडं पाणी ओता आणि वीस मिनिटं फ्लश करू नका. नंतर भांड्यात रंग उतरलेला दिसला तर रबर गेलं. मला याहून जलद पद्धतही आवडते: कोरडा टिश्यू पेपर भांड्याच्या मागच्या उतारावर, पाण्याच्या वर चिकटवायचा. गळती असेल तर मिनिटभरात त्यावर ओली रेघ उमटते. रहिवाशाला ती रेघ दाखवली की पुढचं समजावून सांगायची गरज उरत नाही.

दुसरी जागा म्हणजे वरच्या टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह. तो नीट बंद होत नसेल तर जादा पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपातून जातं, आणि अनेक इमारतींत हा पाइप थेट पावसाच्या पाण्याच्या नळीत सोडलेला असतो. मग वर्षभर वाहिलं तरी कुणाला पत्ता नाही. ओव्हरफ्लोचं तोंड लोकांना दिसेल अशा जागी काढा. प्रवेशद्वाराजवळ, जिथे पाणी पडलं की कुणीतरी तक्रार करेल. तक्रार करणारा माणूस हा सगळ्यात स्वस्त सेन्सर.

तिसरी जागा जमिनीखाली, टाकी आणि इमारत यांच्या मधल्या पाइपात. त्यासाठी एकेक व्हॉल्व्ह बंद करत मीटर बघत जायचं. ज्या व्हॉल्व्हनंतर काटा थांबतो, गळती त्याच्या पलीकडे.

दाब उतरवा, मग नळ बदला

पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब. वरची टाकी चाळीस मीटरवर असेल तर तळमजल्याच्या नळाला चार बार मिळतात, आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक मात्र धार बारीक म्हणून वैतागलेले असतात. नळातून येणारं पाणी दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतं. चार बारला मिनिटाला १२ लिटर देणारा शॉवर दोन बारला साडेआठ लिटर देतो, आणि अंघोळ करणाऱ्याला फरक फारसा जाणवत नाही. म्हणून खालच्या मजल्यांच्या लाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवा, प्लंबर त्याला पी.आर.व्ही. म्हणतात. त्याच्या आधी जाळी हवी आणि दोन्ही बाजूंना दाबाचं घड्याळ हवं. घड्याळाशिवाय बसवलेला पी.आर.व्ही. बिघडला तरी कुणाला कळत नाही. दाब उतरला की फ्लशचे व्हॉल्व्ह आणि नळांची वॉशरही जास्त टिकतात.

नळाच्या तोंडाला एरेटर, म्हणजे धारेत हवा मिसळून पाणी कमी करणारी जाळी, लावताना एक भेद ध्यानात ठेवा. काही कामांत आपण वेळ मोजतो: हात धुणं, दात घासणं, अंघोळ. तिथे धार निम्मी केली की पाणी निम्मं. काही कामांत आपण माप मोजतो: भांडं भरणं, बादली भरणं. तिथे धार कमी केली तर भांडं उशिरा भरतं, पाणी तेवढंच लागतं आणि शिव्या तेवढ्या मिळतात. हात धुण्याच्या बेसिनला मिनिटाला चार-पाच लिटर पुरतात. ओट्याच्या नळाला जास्त ठेवा. घरात तात्काळ पाणी तापवणारा गॅसचा हीटर असेल तर तो किमान धारेखाली पेटतच नाही, तेव्हा शॉवर निवडण्याआधी हीटरच्या पाटीवरचा किमान प्रवाह वाचा.

फ्लशसाठी सहा आणि तीन लिटरची दोन बटणांची टाकी घ्या. जुन्या टाक्या बारा-तेरा लिटर सोडतात. याच्याही खाली जायचं असेल तर आधी सांडपाण्याच्या पाइपाचा उतार तपासा. लांबलचक, जवळपास सपाट पाइपात कमी पाण्याने मैला पुढे सरकत नाही, आणि तुंबलेली लाइन मोकळी करण्यात वाचवलेलं सगळं पाणी जातं.

गरम पाणी: इथे वेळ द्या

जर्मनीत डार्मश्टाट शहराच्या क्रानिशश्टाइन भागात १९९१ साली चार घरांची एक रांग राहायला खुली झाली. पॅसिव्ह हाउस म्हणून जी पद्धत पुढे जगभर गेली तिचा हा पहिला नमुना. भिंती, खिडक्या आणि हवाबंदपणा इतका काटेकोर, की खोल्या गरम ठेवायची गरज वर्षाला चौरस मीटरमागे १५ युनिटांच्या आत आली. पण घर कितीही चांगलं बांधा, अंघोळीचं पाणी तेवढंच तापवावं लागतं. त्यामुळे अशा घरांत गरम पाण्याचा वाटा खोल्या तापवण्याच्या बरोबरीने किंवा वर जातो. घर जेवढं चांगलं, तेवढं गरम पाणी पुढे येतं. उष्ण प्रदेशात खोल्या तापवायच्याच नसतात, तिथे तर ते सुरुवातीपासून पुढेच असतं.

पहिली चाचणी घरातच करा. सकाळी सगळ्यांच्या आधी गरम पाण्याचा नळ सोडा आणि पाणी गरम येईपर्यंतचं सगळं मापाच्या भांड्यात धरा. आतून २० मिलिमीटर व्यासाच्या पाइपात मीटरमागे सुमारे ०.३ लिटर पाणी मावतं. हीटर आणि नळ यांच्यात दहा मीटर अंतर असेल तर तीन लिटर थंड पाणी आधी मोरीत जातं. नळ बंद केल्यावर तेवढंच गरम पाणी पाइपात अडकतं आणि तिथेच निवतं. दरवेळी पाणीही गेलं, उष्णताही गेली. नवीन बांधकाम असेल तर उपाय नकाशावर आहे: स्वयंपाकघर आणि स्नानघर पाठीला पाठ लावून ठेवा, हीटर त्यांच्या मधे. नळ एकच असेल तर पाइप १५ मिलिमीटरचा वापरा. त्यात मीटरमागे ०.१८ लिटरच मावतं. वास्तुरचनाकाराला ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात सांगायची असते. भिंती उभ्या राहिल्यावर सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

मोठ्या संकुलात मध्यवर्ती यंत्रणा असते आणि गरम पाणी पाइपाच्या वळशातून सतत फिरत ठेवलेलं असतं, म्हणजे कोणत्याही घरात नळ सोडला की लगेच गरम. सोय मोठी, आणि गळतीही मोठी, फक्त ती उष्णतेची असल्याने ओलं काही दिसत नाही. साठ अंशांच्या पाण्याचा उघडा पाइप मीटरमागे तीस-चाळीस वॉट सहज हवेत सोडतो. चांगलं जाड इन्सुलेशन असेल तर दहाच्या आसपास. दोनशे मीटरचा वळसा धरा, इन्सुलेशन उत्तम धरा, तरी दोन किलोवॉट सतत. दिवसाला ४८ युनिट, कुणी नळ न सोडता. व्हॉल्व्ह, जोड आणि पाइपाच्या पकडी बहुतेक ठिकाणी उघड्या ठेवलेल्या असतात. त्यांनाही कव्हर घाला. अवघड असतात म्हणून राहून जातात.

म्हणून इथेही रात्रीचीच चाचणी. दोन ते चार, हीटरच्या वीज किंवा गॅस मीटरचा आकडा. गरम पाणी कुणी वापरत नसताना जेवढं इंधन गेलं ते सगळं पाइप आणि टाकी यांनी खाल्लं. त्याला बाराने गुणून दिवसाच्या एकूण खर्चाशी ताडून बघा. निम्म्याच्या जवळ गेलं तर वळसा आखूड करा, इमारतीनिहाय छोट्या यंत्रणा करा, किंवा घरोघरी हीटर बरा का याचा हिशेब मांडा.

एक बचत मात्र करू नका. टाकीचं तापमान ४५ वर आणून ठेवायची कल्पना दर बैठकीत कुणी ना कुणी काढतंच. लेजिओनेला नावाचा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांच्या पाण्यात वाढतो आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात जातो. साठवण ६० अंशांना ठेवा, वळशातून परत येणारं पाणी ५० च्या खाली उतरू देऊ नका, आणि नळाशी चटका बसू नये म्हणून मिश्रण करणारा थर्मोस्टॅटिक व्हॉल्व्ह लावा. बंद पडलेल्या घरांच्या लाइनमधलं पाणी आठवड्याला एकदा सोडून द्या. हे पाणी वाया गेलं असं मी समजत नाही.

साध्या कॉइलच्या जागी हीट पंप घेतला तर तीन युनिट उष्णतेला वीज साधारण एकच लागते. तो हवेतली उष्णता खेचतो, म्हणून त्याला मोकळी हवा हवी. कोंदट खोलीत बसवला की स्वतःच सोडलेली गार हवा पुन्हा ओढत बसतो. सौर बंब असेल तर त्याच्यातल्या विजेच्या कॉइलची वेळ बघा. थर्मोस्टॅटवर मोकळी सोडलेली कॉइल पहाटेच टाकी तापवून ठेवते, मग ऊन येतं तेव्हा त्याला करायला काम उरत नाही. टायमर लावा आणि कॉइल संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, गरज पडली तरच चालू द्या. असे किती बंब मी पाहते, जे गच्चीवर सौर आहेत आणि बिलात विजेचे.

पंप

पंपाची परीक्षा कागदावर करता येते. पंप चालू करा, वरच्या टाकीत किती पाणी चढलं आणि पंपाच्या मीटरवर किती युनिट गेले ते लिहा. चढलेले घनमीटर गुणिले उंचीचे मीटर गुणिले ०.००२७, ही शास्त्राप्रमाणे लागणारी युनिटं. समजा १२ घनमीटर पाणी ३५ मीटर चढलं आणि ३.६ युनिट गेले. लागायला हवे होते सव्वाच्या आत, १.१४. म्हणजे कार्यक्षमता ३२ टक्के. नीट निवडलेला पंप पन्नासच्या पुढे असतो. जुन्यात इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारं आतलं पात्यांचं चाक, झिजलेला असतो, किंवा सुरुवातीलाच गरजेहून मोठा पंप घेऊन त्याचा व्हॉल्व्ह अर्धा आवळून ठेवलेला असतो. आवळलेला व्हॉल्व्ह दिसला की पंप चुकीचा आहे, बाकी चौकशी नंतर.

पंपाचा वेग बदलणारा व्ही.एफ.डी. विकायला लोक येतील आणि वेग वीस टक्के उतरवला की वीज निम्मी लागते असं सांगतील. गोल फिरणाऱ्या बंद वळशात ते जवळपास खरं आहे. वरच्या टाकीत पाणी भरायच्या पंपाला ते लागू नाही, कारण तिथे बहुतेक ताकद उंची चढण्यात जाते आणि उंची काही कमी होत नाही. वेग फार उतरवला तर पाणी वर पोहोचतच नाही. थेट दाबाने घरांना पाणी देणाऱ्या पंपांना मात्र व्ही.एफ.डी. जरूर लावा. असा पंप रात्री कुणी पाणी वापरत नसताना थोड्या-थोड्या वेळाने सुरू होताना ऐकू आला तर एक तर कुठेतरी गळती आहे, नाहीतर त्याचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह पाणी मागे सोडतोय.

पाऊस आणि पुनर्वापर

पावसाचा हिशेब तोंडी करता येतो: एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पाचशे चौरस मीटरच्या पक्क्या छतावर २० मिलिमीटर पडला तर दहा हजार, त्यातले ८,५०० लिटरच्या आसपास हाती लागतात. पहिला एक-दोन मिलिमीटर पाऊस छत धुतो, तो वेगळा काढून टाका. टाकी किती मोठी, हे पाऊस एकूण किती यावर ठरवू नका. दोन पावसांमधला खंड किती याच्यावर ठरवा. लांब कोरडा काळ असेल तिथे टाकीपेक्षा जमिनीत मुरवणं शहाणपणाचं.

सांडपाण्याच्या पुनर्वापराबद्दल मी सावध आहे, आणि त्याला कारण आहे. लंडनच्या दक्षिणेला सटन इथलं बेडझेड हे २००२ साली पूर्ण झालेलं संकुल, बिल डन्स्टर यांची रचना, जगभरचे लोक आजही बघायला जातात. भिंतींचं इन्सुलेशन, उन्हाकडे तोंड केलेल्या काचेच्या खोल्या, छतावरची वाऱ्याने फिरणारी, घरात हवा खेळवणारी रंगीत धुराडी, हे सगळं चाललं. लाकडाच्या ढलप्यांवर चालणारं वीज-उष्णता संयंत्र आणि वनस्पतींच्या साहाय्याने सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प, हे दोन्ही काही वर्षांत बंद करावे लागले. भिंतीला देखभालवाला लागत नाही, यंत्राला रोज लागतो. सांडपाण्याचा छोटा प्रकल्प मोठ्याच्या मानाने पाण्याच्या प्रत्येक घनमीटरला जास्त वीज खातो, कारण हवा फुंकणारा ब्लोअर पाणी आलं नाही तरी चालूच राहतो.

म्हणजे करू नये असं नाही. जिथे पाणी दुरून आणावं लागतं किंवा खारं पाणी गोडं करावं लागतं, ज्याला घनमीटरमागे तीन-चार युनिट जातात, तिथे पुनर्वापर नि:संशय परवडतो. फक्त आधी गळती आणि नळ यांचं काम झालेलं असू द्या म्हणजे प्रकल्प खऱ्या वापराच्या मापाचा होईल. अंघोळीचं आणि कपड्यांचं पाणी संडासाच्या पाण्यापासून वेगळं काढलं तर शुद्धीकरण सोपं जातं. ब्लोअरला पाण्यातल्या प्राणवायूच्या सेन्सरवर चालवा, टायमरवर नको. शुद्ध केलेलं पाणी साठवून ठेवू नका, दिवसभरात वापरून टाका. ते कुजायला वेळ लागत नाही.

दोन पाणी एका इमारतीत आली की त्यांची गाठ पडणार नाही याची खात्री करायची असते. पुनर्वापराच्या पाइपाला वेगळा रंग द्या, अनेक देशांत जांभळा वापरतात. पण रंगावर विसंबू नका. राहायला येण्याआधी पिण्याच्या पाण्याची मुख्य लाइन बंद करून तिच्यातलं पाणी पूर्ण उतरवा, पुनर्वापराची लाइन दाबाखाली ठेवा आणि प्रत्येक घरातला प्रत्येक पिण्याचा नळ उघडून बघा. एकाही नळातून पाणी आलं नाही पाहिजे. दुरुस्ती करायला आलेल्या कुठल्याही प्लंबरने हात लावला की ती चाचणी पुन्हा.

रात्रीची वीज आणि मग सौर

विजेच्या सामाईक मीटरचीही तीच रीत: दोन आणि चारचे आकडे, फरक भागिले दोन. उत्तर किलोवॉटमध्ये. मग एकेक एम.सी.बी., म्हणजे फलकावरचा सर्किट तोडणारा खटका, पाडत बघा कोण किती खातं. आग विझवण्याच्या आणि सुरक्षेच्या सर्किटांना हात लावू नका. रिकाम्या पार्किंगमध्ये लखलखणारे दिवे, उभ्या लिफ्टमधला पंखा, कायम चालू असलेला धूर काढायचा झोत-पंखा, गरम पाणी फिरवणारा पंप, ब्लोअर. ही यादी सगळीकडे जवळपास सारखीच निघते.

सतत चालणारा एक किलोवॉट वर्षाला ८,७६० युनिट खातो. ऊन भरपूर असलेल्या ठिकाणी एक किलोवॉटची पॅनेल दिवसाला सरासरी चारएक युनिट देतात. म्हणजे रात्रंदिवस चालणारा एक किलोवॉटचा फालतू भार भागवायला सहा किलोवॉटची पॅनेल, तीही बहुतांश वीज दिवसा देणारी. पार्किंगचे दिवे हालचालीच्या सेन्सरवर टाकायचं काम एका दिवसाचं आहे.

हे सगळं झाल्यावर पॅनेल घ्या, आणि तेव्हा ती कमी लागतील. पंप दुपारी चालवा, हीट पंप दुपारी चालवा, म्हणजे पाण्याच्या टाक्या हीच तुमची बॅटरी होते. पॅनेलच्या खाली हवा खेळू द्या. पॅनेलचं तापमान २५ अंशांच्या वर गेलं की दर अंशामागे उत्पादन ०.३ ते ०.४ टक्क्यांनी घटतं. सौर बंब आणि पॅनेल एकमेकांच्या सावलीत येणार नाहीत हे गच्चीच्या नकाशावर आधी मांडा.

माणसं

स्टॉकहोमच्या हॅमार्बी शोस्टाड वसाहतीने माणशी दिवसाला १०० लिटरचं ध्येय ठेवलं होतं. वापर दीडशेच्या आसपास राहिला. शहरात इतरत्र दोनशे असताना हे चांगलंच म्हणायचं. पण उरलेले पन्नास लिटर नळ बदलून मिळत नाहीत. त्यासाठी घरागणिक मीटर लागतं आणि त्याचा आकडा दर महिन्याला घरात पोहोचावा लागतो, शेजारच्या घरांच्या सरासरीसोबत. नावं फलकावर लावू नका. भांडणं होतात आणि मीटर राहतं बाजूला.

नवीन संकुल घेत असाल तर करारात तीन गोष्टी घालून घ्या. सगळी मीटरं उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, कुलूप नसलेल्या जागी. ताबा देताना रात्रीच्या पाणी, वीज आणि गरम पाण्याच्या चाचणीचे आकडे लेखी. आणि घरं भरल्यावर वर्षभराने कंत्राटदाराने परत येऊन त्याच चाचण्या करायच्या, फरक निघाला तर दुरुस्ती त्याच्या खर्चाने. तिसरी अट गाळायला सांगितलं जाईल. तेवढी गाळू देऊ नका.